ड्रेसिंगच्या खोलीतला मोबाईल

भाजलेल्या मुलाचे ड्रेसिंग बदलताना त्याच्या हातात मोबाईल द्यावा की नाही, या प्रश्नाचे उत्तर शहापूर-मुरबाडकडच्या आयांनी आपल्याला न विचारताच देऊन टाकले आहे. सिस्टरने ट्रे मांडायला घेतला की आई पिशवीतून फोन काढते, गाडी पळवायचा नाहीतर फुगे फोडायचा गेम लावते आणि पोराच्या हातात ठेवते. आपण एक तर तिच्यावर डाफरतो, किंवा गडबड कमी होते म्हणून काणाडोळा करतो. दोन्ही वागणी चुकीची आहेत. फोनमुळे मुलाचे दुखणे खरोखर कमी होत असेल, तर तो उपचाराचा भाग आहे; आणि उपचार म्हटला की त्याची वेळ, मात्रा, मर्यादा आणि नोंद ठरवणे हे आपले काम आहे, आईचे नव्हे.

आपल्याकडे मुले कशाने भाजतात हे वाचकांना सांगायला नको. चुलीवरची पेज, उकळती डाळ, थंडीतली शेकोटी, वीटभट्टीवरची धग. मोठे भाजलेले रुग्ण ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला किंवा मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात जातात. पण लहानसहान भाजणे आपल्याच टेबलावर येते, आणि तिकडून घरी सोडलेल्यांची पुढची ड्रेसिंगेही शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच होतात. भाजणे एकदाच होते, ड्रेसिंग मात्र दिवसाआड. तिसऱ्या खेपेपासून मूल जखमेला नाही, त्या खोलीच्या दाराला घाबरू लागते, आणि घाबरलेल्या मुलाला तेवढीच जखम जास्त दुखते.

हे नुसते मनाचे खेळ आहेत असे समजणाऱ्यांसाठी थोडी उजळणी. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला, तेव्हापासून वेदना ही जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ जाणारी तार राहिलेली नाही. मज्जारज्जूत एक नाके आहे आणि मेंदू वरून ते नाके कमी-जास्त उघडतो. हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०१२ साली यावर एक देखणा प्रयोग केला. निरोगी माणसांच्या हाताला चटका देताना त्यांना स्मरणशक्तीचे काम करायला लावले आणि त्याच वेळी मज्जारज्जूचा एमआरआय घेतला. काम अवघड झाले की चटका कमी जाणवे, इतकेच नव्हे तर मज्जारज्जूत उमटणारी प्रतिक्रियाही मंदावे. अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिल्यावर हा फायदा सुमारे ४० टक्क्यांनी घटला. म्हणजे लक्ष दुसरीकडे गुंतले की शरीर स्वतःचीच अफूसदृश द्रव्ये कामाला लावते. मूल दुखणे ‘विसरले’ असे आपण म्हणतो, पण तिथे प्रत्यक्ष शरीरशास्त्र चालू असते.

भाजलेल्या रुग्णांवर हे प्रथम नेटाने वापरले ते सिएटलच्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी. २०००च्या सुमारास त्यांनी दोन भाजलेल्या किशोरांना जखमेच्या उपचारादरम्यान कधी निन्टेंडोचा साधा व्हिडिओ गेम दिला, तर कधी डोक्यावर चढवायचे आभासी जगाचे यंत्र. यंत्र सरस ठरले. त्यातूनच ‘स्नोवर्ल्ड’ हा बर्फाच्या दरीतून हिमगोळे फेकत जाण्याचा, खास भाजलेल्यांसाठी बेतलेला खेळ पुढे आला. तो हेडसेट आपल्याकडे येणार कधी, अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पडदा लहान असला तरी चालते. मुलाला काहीतरी करायला लागणे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या लिंडा डाल्क्विस्ट यांनी २००७ साली मुलांना थंडगार पाण्यात हात धरायला सांगून तुलना केली. नुसता खेळ बघणाऱ्यांपेक्षा स्वतः खेळणाऱ्यांनी तो थंडावा अधिक वेळ सोसला. आईने कार्टून लावून दिले तर फायदा होतो, गेम लावला तर जास्त होतो, असा त्याचा आपल्यापुरता अर्थ. कार्टून चालू असतानाही डोळे जखमेकडे वळतात. गेममध्ये वळले की गाडी आपटते.

पुराव्याची ताकद फुगवून सांगणे बरे नाही. मुलांच्या तातडीच्या वेदनेत आभासी जगाच्या उपयोगाचा कॉक्रेन आढावा २०२० साली आला आणि पुराव्याची खात्री कमी ते अतिकमी, असा त्याचा निष्कर्ष होता. अभ्यास छोटे आहेत, मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, आणि कोणाला काय दिले हे मुलापासून लपवता येत नाही. तरीही ज्या उपायाला जवळपास खर्च नाही आणि ज्याचे दुष्परिणाम नीट वापरल्यास नगण्य आहेत, त्यासाठी आणखी दहा वर्षे थांबावे असे आम्हाला वाटत नाही.

धोका वेगळाच आहे. विंचू उतरवणारा भगत आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. मंत्र, फुंकर, कडुनिंबाचा पाला, भोवती जमलेली माणसे: रुग्णाचे लक्ष नांगीवरून हटते आणि दुखणे थोडे ओसरतेही. भगताला लक्षाची ताकद कळली होती, विष कळले नव्हते. मोबाईल हा आपल्या हातातला नवा भगत होऊ नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून लाल विंचवाच्या दंशातले मृत्यू रोखून दाखवले, ते घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि नाडी यांच्याकडे लक्ष दिल्यामुळे. रुग्ण किती ओरडतो यावरून नव्हे. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतच नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागतात. तेव्हा आधी तपासणी, मग गेम. प्लास्टर घातल्यावर वाढत जाणारे दुखणे, पोटातली न थांबणारी कळ, डोक्याला लागलेला मार, अशा ठिकाणी वेदना ही आपल्याला हवी असलेली बातमी असते. तिथे गेम देऊन ती दडपायची नाही. आकडी येणाऱ्या मुलाला लुकलुकणारा पडदा नको, हेही ओघाने आलेच.

दुसरी अट औषधाची. गेम हा पॅरासिटामॉलचा पर्याय नाही. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ते ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी पोटात गेले पाहिजे, चिकटलेली पट्टी सलाईनने पुरेशी भिजली पाहिजे, आणि मगच पडदा. आमच्या पाहण्यात उलटे घडते: मूल शांत खेळते आहे असे दिसले की पट्टी ओढण्याचा वेग वाढतो. हा मुलाचा विश्वासघात आहे. पुढच्या खेपेला ते मूल फोन पाहूनच रडेल.

गेम सुरू करायची वेळ पट्टीला हात लावण्यापूर्वीची. दोन-तीन मिनिटे मुलाला त्यात रमू द्यावे, कारण कळ सुरू झाल्यावर कोणीही खेळात शिरत नाही. वीटभट्टीवरून आलेल्या कातकरी मुलाने असा फोन पूर्वी हाताळला नसेल, तर त्याला जरा जास्त वेळ लागेल. पण नवलाईचा फायदाही त्यालाच सर्वांत जास्त मिळतो. आपले ‘घाबरू नको’ हे वाक्य डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावरच्या मुलाला परके वाटू शकते. गेमला भाषा लागत नाही. फोन न भाजलेल्या हातात द्यावा, दोन्ही हात गुंतलेले असतील तर मोठ्या माणसाने तो धरावा आणि कुठे वळायचे हे मुलाला ओरडून सांगू द्यावे. ते ओरडणेही उपयोगी पडते. जखम भरू लागल्यावर तोच गेम आखडलेल्या बोटांनी खेळायला द्यावा, फिजिओथेरपीला मुले इतक्या आनंदाने येत नाहीत.

जखम भरतानाच्या खाजेचाही विचार करावा. नॉटिंगहॅमचे मार्क ग्रिफिथ्स यांनी २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या संपादकीयात एका आठ वर्षांच्या मुलाची हकिकत दिली आहे. ओठ कुरतडून त्याने जखम करून घेतली होती. आधीचे उपाय फसल्यावर हातात मावणारा गेम दिला, हात गुंतले, आणि दोन आठवड्यांत ओठ बरा झाला. नवी कातडी खाजवून रक्त काढणारी मुले आपण रोज पाहतो.

भाजण्याबाहेरही जागा आहेत. कुत्रा चावलेल्या मुलाच्या जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन भरणे हे बहुधा आपल्या हातून होणाऱ्या सर्वांत क्लेशदायक कामांपैकी एक आहे. तिथे फोन हवा. तान्ह्या बाळाच्या लसीला मात्र आईचे दूधच, पडदा नव्हे. सिकलसेलच्या कळा तासन्‌तास चालतात. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तपासणी वाढवली, पण कळ आलेल्या मुलाला आधी पाणी आणि पुरेसे वेदनाशामक लागते, गेम त्यानंतर. आवणीने कंबर धरलेल्या बाईला तर गेमचा फारसा उपयोग नाही. तिचे दुखणे दहा मिनिटांचे नाही आणि तिला फुरसतही नाही. अपघातानंतर महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या तरुणांबाबत सावध राहावे: विसावा म्हणून घेतलेला फोन पैसे लावायच्या खेळापर्यंत जातो. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तरी रुग्णाला त्याबद्दल थेट विचारावेच.

या सगळ्यात एक अगदी साधी अडचण आहे. अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो बापाचा असतो. सकाळी बाप तो घेऊन आसनगाव किंवा वाशिंदहून लोकलने कामाला जातो, मुरबाडला रेल्वे नाही म्हणून तिथला एसटी किंवा जीपने कल्याण गाठतो. ओपीडीच्या वेळेला आई मुलाला घेऊन येते तेव्हा फोन तिच्याजवळ नसतो. ज्या आईच्या पिशवीत फोन निघतो तिचे मूल कमी रडते, एवढ्यावर वेदनाशमन अवलंबून ठेवणे बरोबर नाही. म्हणून फोन दवाखान्याचा हवा. साधा टॅबलेट, इंटरनेटशिवाय चालणारे चार-पाच गेम (घाटाकडे रेंज नसते, हे लक्षात ठेवून), पैसे मागणारे आणि जाहिराती दाखवणारे गेम काढून टाकलेले. प्रत्येक मुलासाठी नवी पारदर्शक प्लास्टिक पिशवी, वापरानंतर स्पिरिटने पुसणे, आणि जबाबदारी एका नाव दिलेल्या सिस्टरची. नाहीतर तो टॅबलेट महिनाभरात कपाटात किंवा कोणाच्या तरी घरी सापडेल.

आणि नोंद. हसऱ्या ते रडक्या चेहऱ्यांचा तक्ता भिंतीवर असतोच. ड्रेसिंगच्या आधी, मध्ये आणि नंतर मुलाला बोट ठेवायला सांगावे आणि आकडा केसपेपरवर लिहावा. खेळणारे मूल गप्प आहे म्हणजे त्याला दुखत नाही असे नाही, विचारल्याशिवाय ते कळणार नाही. दिलेले औषध, गेमचे नाव, लागलेला वेळ एवढे सोबत टिपले तरी सहा महिन्यांत आपल्याच तालुक्यांचा पुरावा तयार होईल, सिएटलच्या किंवा हॅम्बुर्गच्या उसन्या पुराव्यावर भागवावे लागणार नाही.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत एका टॅबलेटचा ठराव मांडा. समितीने नाही म्हटले तर का म्हटले, आणि हो म्हटले तर मुलांनी चेहऱ्यांच्या तक्त्यावर कुठे बोट ठेवले, हे आम्हाला लिहून कळवा. दोन्ही प्रकारची पत्रे छापू.