पात्र-अपात्रतेच्या हिशेबाबाहेरची मुले

विदर्भ-मराठवाड्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घरी पाठोपाठ येते ती चौकशी. जमीन कोणाच्या नावे होती, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय, की दारू आणि घरातील भांडण हेच खरे कारण, अशी विचारपूस होते. मग जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरविते. सरकारी पैसा देताना निकष हवेत, याविषयी वाद नाही. परंतु ही प्रश्नोत्तरे ज्या ओसरीवर होतात, तिच्या उंबऱ्याशी मृताचे मूल उभे असते. बाप कर्जबाजारी होता की व्यसनी, यांपैकी कोणते उत्तर घराच्या उपयोगाचे, हे त्याला कोवळ्या वयातच उमगते.

पात्र कुटुंबाला एक लाख रुपये: ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. ही रक्कम २००६ च्या सुमारास ठरली आणि दीर्घकाळ तेवढीच राहिली. महागाईने त्या लाखाचे काय केले, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. अपात्र ठरलेल्यांच्या पदरी तेवढेही पडत नाही. आणि अशी घरे थोडीथोडकी नाहीत. बाप अपात्र ठरला म्हणून त्याच्या मुलाचे पोरकेपण मात्र कमी होत नाही.

या पोरकेपणाची लक्षणे सहसा ओळखली जात नाहीत. मूल रडत नाही, तेव्हा नातेवाईक त्याला समजूतदार म्हणतात. वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, तेव्हा शाळा त्याला आळशी म्हणते. आई शेतावर निघाली की ते तिचा पदर सोडत नाही, रात्री अंथरूण ओले करते, त्याबद्दल बोलणीही खाते. आपण नव्या दप्तराचा हट्ट धरला नसता तर बाप वाचला असता, असा हिशेब एखादे मूल मनाशी मांडून बसते आणि तो कोणासही दाखवीत नाही. बालपणीच्या आघातांचा प्रौढ वयातील आजारांशी असलेला संबंध दाखविणारे जे संशोधन अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झाले, त्यातील आघातांच्या यादीत घरातील व्यक्तीने आत्महत्येचा प्रयत्न करणे हेही होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ साली चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्याचा रोख शेतकऱ्याला वाचविण्यावर होता, आणि तो योग्यच होता. बालसंगोपन योजनेतून मिळणारे मासिक साहाय्य वह्या-पुस्तकांना, धान्याला उपयोगी पडते. समुपदेशक मात्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी भेटतो. तेथवर जाण्यास एसटीचे भाडे तर लागतेच, शिवाय आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. ज्या घरात एकच मिळवते माणूस उरले आहे, तेथे हा खर्च मुलाच्या मनासाठी कोण करील?

मानसोपचारतज्ज्ञ पुरेसे नाहीत, हा आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक मुलाला तज्ज्ञाची गरज नसते. ‘यात तुझा दोष नाही’ हे त्याला एकदा नव्हे, वर्षभर पुनःपुन्हा सांगणारे कोणीतरी मात्र लागते. गावातील एखादा शिक्षक किंवा आशा सेविका थोड्या प्रशिक्षणानंतर हे करू शकेल, आणि कोणाला पुढे पाठवावयाचे हेही ओळखू शकेल. ही सोबत समितीच्या निर्णयावर अवलंबून असता कामा नये. मृत्यूची नोंद झाली की ती सुरू व्हावी. त्यासाठी थोडी तरतूद लागेल. चौकशीस आलेल्यांनी मुलांना शेजारच्या घरी पाठवून मगच प्रश्न विचारावेत, यासाठी मात्र तीही लागणार नाही.