थर्माकोलचं गिधाड

गणपतीच्या आधी घर आवरणं हा आमच्या श्रीवर्धनच्या घरातला वार्षिक इव्हेंट. मुंबईहून आम्ही सगळे हजर पाहिजेच, नो एक्स्क्यूज! यंदा माळ्यावरून आईची हाक आली, ‘‘अगं, हे तुझं कोंबडं टाकू का?’’

कोंबडं नव्हतं ते. गिधाड होतं. माझं, थर्माकोलचं. २०११ साली नववीत केलेल्या विज्ञान प्रकल्पाचा हीरो! सोबत गुंडाळलेला चार्टही सापडला : ‘नामशेष होणारे पक्षी – एक अभ्यास’. अभ्यास कसला डोंबलाचा. सायबर कॅफेत वीस रुपये मोजून काढलेले प्रिंटआऊट्स होते ते. मधोमध चिकटवलेला फोटो तर चक्क अमेरिकेतल्या कॉन्डोरचा. तरीही मला बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी विचारलं, ‘‘गिधाड पाहिलंयस का कधी?’’ मी बिनधास्त म्हणाले, ‘‘हो सर.’’ साफ थाप!

चार्टवर स्केचपेनने कारणं लिहिली होती. १) जंगलतोड. २) प्रदूषण. ३) मानवाचा हव्यास. आणि उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात, ४) डायक्लोफिनॅक नावाचे रसायन. उपाय : जनजागृती. आता हसू येतं, पण खरं सांगा, परवाच्या ऑफिस प्रेझेंटेशनमधली तुमची शेवटची स्लाइड यापेक्षा फार वेगळी होती का?

गंमत म्हणजे खरं उत्तर त्या बारीक अक्षरातच होतं. डायक्लोफिनॅक म्हणजे आपली साधी वेदनाशामक गोळी. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कंबर आखडली की आपण घेतो, त्यातलीच एक. नव्वदच्या दशकात ते स्वस्तात गुराढोरांसाठी मिळू लागलं. बैल लंगडला, गाय तापली की द्या इंजेक्शन. ते जनावर दोन-चार दिवसांत दगावलं, गावाबाहेर टाकलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्या मांसातून औषध त्यांच्या पोटात. मग गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक अ‍ॅसिड अवयवांवर पांढऱ्या थरासारखं साठतं आणि काही दिवसांत खेळ खल्लास. २००४ साली ‘नेचर’मध्ये शोधनिबंध आला, तेव्हा कुठे जगाला हा गुन्हेगार कळला.

तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी हा, भरून काढणार तरी कधी? आणि शास्त्रज्ञांचा हिशेब तर आणखी हादरवणारा आहे. शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकात जरी हे औषध असलं, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसं आहे.

इथे मला आमचा गोठा आठवला. त्याच वर्षी काकांचा बैल पायाने अधू झाला होता. काका रात्र रात्र त्याच्याजवळ बसायचे. कुणीतरी इंजेक्शन आणून दिलं, ते टोचलं. आठवडाभरात बैल गेलाच. रिकामी बाटली कितीतरी दिवस गोठ्याच्या कोनाड्यात पडून होती. तिच्या समोरच बसून मी चार्ट रंगवला, ‘मानवाचा हव्यास’ ठळक लाल अक्षरात काढला. बाटलीवरचं नाव काही वाचलं नाही.

सरकारने २००६ मध्येच जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली होती. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळत होत्या आणि त्याच गोठ्यांत पोहोचत होत्या. ही पळवाट बंद व्हायला २०१५ उजाडलं. तेव्हापासून माणसांसाठीचं इंजेक्शनही एका डोसच्या, तीन मिलिलिटरच्या पॅकमध्येच विकायचं, असा नियम झाला. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही भावंडंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅमसारखं गिधाडांना न मारणारं औषध आहे, आणि जनावराचं दुखणंही त्याने थांबतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की माझ्या चार्टवरचा खलनायक खोटा होता. काकांना कसला आलाय हव्यास? त्यांना आपल्या बैलाचं दुखणं बघवत नव्हतं, इतकंच. गिधाडं मेली ती कुणी त्यांचा द्वेष केला म्हणून नाही. अशा लाखो गोठ्यांतल्या मायेच्या हातांनी, लेबल न वाचता, ती मारली. आणि सजा आपल्यालाही झालीच. २०२४ साली दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की गिधाडं गेल्याने मेलेली जनावरं कुजत पडली, कुत्री वाढली, पाणी बिघडलं आणि २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली.

दुसरी चपराक म्हणजे चिरगाव. आमच्या घरापासून जेमतेम तासाभरावर, म्हसळा तालुक्यातलं हे गाव. तिथल्या उंच झाडांवर खरीखुरी पांढऱ्या पाठीची गिधाडं घरटी करतात. महाडची ‘सीस्केप’ संस्था, तिचे प्रेमसागर मेस्त्री, वनविभाग आणि गावकरी यांनी ती जपली. कशी? घरट्यांची झाडं राखून आणि मेलेली गुरं पुरून न टाकता गिधाडांसाठी ठेवून. अजिबात ग्लॅमरस नाही, वास येणारं काम आहे! मी कॉन्डोर चिकटवत होते, तेव्हा ही मंडळी हेच करत होती.

मग मी काकांनाच विचारलं, ‘‘काका, आता गुरांना कुठलं इंजेक्शन देता हो?’’ ते उठले, कोनाड्यातून बाटली आणली, चष्मा लावून माझ्यासमोर धरली. ‘‘मेलॉक्सिकॅम. डॉक्टर हेच देतात. का गं?’’

‘‘काही नाही, प्रोजेक्ट अपूर्ण राहिलं होतं.’’

थर्माकोलचं गिधाड पुन्हा माळ्यावर गेलंय. आणि पुढच्या वीकेण्डला मी चिरगावला जातेय. पंधरा वर्षांपूर्वीची थाप आहे, निदान उशिराने तरी खरी करावी म्हणते.