लाकडी सीताफळ आणि सहीचा डबा

चित्रप्रदर्शनात केक, फळे, कोंबड्या आणि आइस्क्रीम मांडलेले दिसले, की आपल्याकडील सुजाण प्रेक्षकाची मोठी पंचाईत होते. हसावे तर अरसिक ठरण्याचे भय, आणि गंभीर मुद्रा धारण करावी तर समोर नुसती कलिंगडाची फोड! अखेर ‘हा पोरखेळ आहे’ असा शेरा मारून तो बाहेर पडतो. या शेऱ्यातील ‘पोरखेळ’ हा शब्द बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावा असा आहे.

१९६४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बियांकिनी गॅलरीत ‘द अमेरिकन सुपरमार्केट’ या नावाचे एक सामूहिक प्रदर्शन भरले होते. सारे दालनच वाणसामानाच्या दुकानासारखे सजविलेले. रॉबर्ट वॉट्स यांची क्रोमच्या मुलाम्याची अंडी, बिली ॲपल यांच्या ब्राँझमध्ये ओतून रंगविलेल्या कलिंगडाच्या फोडी, रॉय लिक्टेनस्टाइन यांनी कागदी पिशवीवर छापलेला टर्की पक्षी, असा सगळा माल. अँडी वॉरहॉल यांनी तर बाजारातले सुपाचे खरे डबे आणून त्यांवर केवळ सही केली. सहीचे तीन डबे १८ डॉलरला आणि त्याच डब्याचे त्यांनी काढलेले चित्र १,५०० डॉलरला! कोपऱ्यावरच्या दुकानात तोच डबा काही सेंटांत मिळत होता.

पत्रा तोच, सूप तेच. मग वाढलेली किंमत आली कोठून? ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पाणी आणि हिरा यांचे उदाहरण देऊन उपयोग व किंमत यांतील विसंगतीवर बोट ठेवले होते. दोनशे वर्षे वर्गावर्गांतून घोकला गेलेला तो प्रश्न या चित्रकारांनी हसतखेळत मांडून दाखविला. क्लेस ओल्डेनबर्ग यांनी त्याआधीच, १९६१ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कमधील एका गाळ्यात प्लास्टरचे केक व मिठाया विकावयास ठेवल्या होत्या. त्या दुकानात २१ डॉलर ७९ सेंट अशाही किमती होत्या. बाटाच्या दुकानातील पंचाण्णव पैशांची शेपटी ज्यांना आठवते, त्यांना या विनोदाची फोड करून सांगावयास नको.

हा विनोद पुढे बाजाराने गिळला, हेही खरे. मौरित्सिओ कातेलान यांनी चिकटपट्टीने भिंतीला लावलेले केळे २०२४ मध्ये लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरला गेले. ज्या किमतीची थट्टा करावयाची, तीच किंमत थट्टेला येऊन चिकटली. परंतु एवढ्यावरून खेळकर कलेला धनिकांचा चाळा म्हणून निकालात काढणे घाईचे होईल. तिने विचारलेला प्रश्न आपल्या दारातही उभा आहे.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची फळे पिढ्यान्‌पिढ्या घडत आली. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून कोरलेले सीताफळ, केळी, वांगी यांकडे पाहून पाहुण्यांचा हात क्षणभर फसतो. ॲपल यांच्या कलिंगडाने नेमके हेच केले होते. फरक कारागिरीत मुळीच नाही. तिकडे वस्तूपाशी कर्त्याचे नाव होते, मांडणाऱ्या दालनाची प्रतिष्ठा होती आणि लिहिणारे समीक्षक होते. इकडे फळ टोपलीत जाते, टोपली प्रवाशाच्या पिशवीत, आणि ते कोणी घडविले हे घेणाऱ्याला सहसा कळतही नाही. ‘खेळणे’ म्हणून त्याची किंमत ठरते. प्रवासी तीतही घासाघीस करतो, आणि ही घट रंग विकणाऱ्याने नव्हे, तर चिताऱ्याने सोसावयाची असते. मग त्याच्या मुलाने नोकरीच्या शोधात मुंबईची गाडी पकडली, तर परंपरेच्या ऱ्हासाबद्दल गळा काढण्याचा अधिकार आपल्याला कितपत पोचतो?

अनुदाने आणि वर्षाकाठची हस्तकला-जत्रा यांचा उपयोग नाही असे नव्हे. पण जत्रेत माल जातो, नाव जात नाही. जहांगीरसारख्या कलादालनांतून चित्रशाळेतील विद्यार्थी आणि हे चितारी यांचे एखादे सामूहिक प्रदर्शन भरवावे. फळे असोत, बैल असोत वा साखरेच्या गाठी. प्रत्येक वस्तूखाली घडविणाऱ्याचे पूर्ण नाव, कोरण्यास, घासण्यास व रंगविण्यास लागलेले दिवस, आणि त्या दिवसांची मजुरी धरून काढलेली किंमत लिहावी. ती वाचून किती गिऱ्हाइके घासाघीस करतात, हे एकदा मोजून पाहावयास हरकत नाही.