‘थोडक्यात’ म्हणजे किती?

निबंधवजा प्रश्नाला आपण सगळेच घाबरतो. ‘थोडक्यात उत्तरे लिहा’ या प्रश्नाला मात्र कोणी घाबरत नाही. निकाल लागल्यावर गुण कोठे गेले ते समजत नाही. माझ्या मते ते पुष्कळदा या सोप्या वाटणाऱ्या प्रश्नातच गेलेले असतात.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ : ‘सत्यशोधक समाजाची उद्दिष्टे थोडक्यात लिहा.’ आपल्यापैकी अनेकजण जोतीराव फुले यांच्या जन्मापासून सुरुवात करतात. मग मुलींची शाळा, मग ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ. पान भरते आणि उद्दिष्टे शेवटच्या दोन ओळींत उरकली जातात. नमनालाच घडाभर तेल! लिहिलेले खोटे नसते. ते विचारलेले नसते, एवढेच. खरे तर समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली, हे एक वाक्य सुरुवातीला पुरेसे आहे. पुढे सरळ उद्दिष्टे : शूद्रातिशूद्रांना पुरोहितवर्गाच्या वर्चस्वातून सोडवणे, देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ नको हे पटवणे, विद्येचा प्रसार करून हक्कांची जाणीव देणे. भटजीशिवाय लावलेल्या विवाहांचे उदाहरण जोडले की उत्तर पुरे झाले.

‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाचेही तसेच. अगोदर लोकसभेची सगळी माहिती, नंतर राज्यसभेची, आणि फरक परीक्षकांनी शोधायचा! त्याऐवजी मुद्दे समोरासमोर मांडावेत. लोकसभेची मुदत ५ वर्षे. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, तिचे सुमारे एक तृतीयांश सभासद दर २ वर्षांनी निवृत्त होतात. धनविधेयक लोकसभेतच मांडता येते, राज्यसभेत नाही. असे चार मुद्दे अर्ध्या पानात बसतात.

वेळेचाही हिशेब आहे. पेपर १०० गुणांचा आणि ३ तासांचा असेल, तर ५ गुणांच्या उत्तराला ९ मिनिटे मिळतात. तेथे २० मिनिटे घालवली, तर ती शेवटच्या प्रश्नातून वजा होतात. पुरवणी किती घेतल्या याचे कौतुक वर्गात होते, गुणपत्रिकेत होत नाही.

कोणी म्हणेल, ही परीक्षेची क्लृप्ती झाली, यात ज्ञान कोठे आले? मला तसे वाटत नाही. गाईड पाठ करून दोन पाने लिहिता येतात. पण त्यातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे विषय समजल्याशिवाय ठरवता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्यासारखे पुष्कळजण या कॉलेजात आहेत. ज्यांच्या घरी दादा, ताई, काका शिकलेले आहेत, त्यांना पाच गुणांना किती लिहायचे हे जेवताजेवता कळते. आम्हाला ते सांगणारे घरी कोणी नाही. वास्तविक थोडक्यात बोलणे आमच्या माणसांना चांगले येते. बाजारातून आल्यावर माल किती गेला, भाव काय मिळाला, हातात काय उरले, हे वडील आईला तीन वाक्यांत सांगतात. तीच रीत उत्तरपत्रिकेत चालते, हे मात्र आम्हाला कोणीतरी सांगायला हवे.

म्हणून गुरुजनांना नम्र विनंती आहे. प्रत्येक विषयात, प्रत्येक सत्रात एक तास यासाठी द्यावा. पाच गुणांचे एक उत्तर फळ्यावर लिहून दाखवावे. आमच्या ट्यूटोरियलमध्ये नुसते गुण न देता जादा मजकुरावर लाल रेघ मारावी. आम्हाला त्या रेघेचा राग येणार नाही. मार्चमध्ये कमी गुण पडण्यापेक्षा ती डिसेंबरातच पडलेली बरी.