ब्रेकचा पाइप घाटात फुटण्याआधी



20 मार्चला चवदार तळ्यावर जाणाऱ्यांत मोटारसायकलवाले आता पुष्कळ असतात. पुण्याकडची मंडळी मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरतात, माणगावला महामार्गाला लागतात आणि महाड गाठतात. आमच्या विहारातले एक उपासक पत्नीसह असेच निघाले होते. अर्धा घाट उतरल्यावर पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली की थेट मुठीला टेकू लागली. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर यांवर गाडी कशीबशी खाली आली. ताई म्हणतात, "मी उतरून चालू लागले, पण ह्यांना एकट्याला गाडीवर बघवेना."

परत आल्यावर आम्ही गाडी पाहिली. पाठदुखीमुळे त्यांनी उंच हँडल बसवले होते, पाइप मात्र मूळचाच. हँडल उजवीकडे वळवले की तो ताणला जाई. ताणून ताणून वरच्या टोकाशी रबर चिरले, तिथून फ्ल्युइड पाझरू लागले. आधी गॅरेजवाल्याने दोनदा वरून फ्ल्युइड भरून दिले होते. फ्ल्युइड कमी झाले तर ते गेले कुठे, हे त्याने विचारले नाही, आपल्या माणसानेही नाही. दुसरा एक जण तर म्हणाला, चिरलेला भाग कापू, क्लिप आवळून देऊ! पाण्याच्या नळाला ठीक आहे हो ते. ब्रेक दाबल्यावर त्या नळीत जो दाब येतो, त्यापुढे क्लिप कसली टिकते?

खरे तर मूळ हँडल लावून कंपनीचा नवा पाइप घेणे हा सरळ उपाय. पण दिवसभर गाडीवर काम करणाऱ्याच्या पाठीचाही विचार करावा लागतो. तेव्हा पाइप मापाने बनवून घ्यायचे ठरले.

माप घेताना पुढचे चाक उचलून अधांतरी ठेवले, म्हणजे शॉकअब्सॉर्बर पूर्ण लांब होतो. मग विजेच्या वायरीचा तुकडा पाइपच्या वाटेने लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवले. कुठेही ताण नको, टायरला घासणे नको. जुना पाइपही नमुन्याला नेला, कारण दोन्ही टोकांना बोल्ट जाण्यासाठी जे डोळे असतात, त्यांचा एकमेकांशी असलेला कोन चुकला तर पाइप पिळला जातो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत क्रेनचे, प्रेस मशीनचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारी दुकाने आहेत. तिथे एक गोष्ट मात्र स्वतः तोंडाने विचारावी. मशीनचे पाइप बहुधा खनिज तेलासाठी असतात. ब्रेक फ्ल्युइड हे तेल नव्हे, ते ग्लायकॉल जातीचे. तेलाला चालणारे आतले रबर या फ्ल्युइडने फुगते, मऊ पडते. म्हणून आतून टेफ्लॉन आणि वरून स्टीलच्या तारांची वीण असलेला ब्रेकचाच पाइप मागावा. उलटही तितकेच खरे: ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नये, आतली रबरे बाद होतात. दुकानातल्या पोराने, आयटीआय झालेला होता तो, मशीनवर टोके दाबून बसवली आणि न सांगता दाब देऊन तपासूनही दाखवली. असे कसब आपल्या मुलांच्या हाती पाहून बरे वाटते.

बसवताना डोळ्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर लागतात, एका पाइपला चार. ते दर वेळी नवेच घालावेत. जुने एकदा दबलेले असतात, त्यांतून गळती होते. काही रुपयांची वस्तू, नाना पेठेत कुठेही मिळते.

मग हवा काढणे. खाली कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावली, तिचे टोक बाटलीतल्या फ्ल्युइडमध्ये बुडवले. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने निपल ढिली करून पुन्हा आवळायची, मगच लिव्हर सोडायची. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरची डबी रिकामी होऊ दिली तर सगळे पहिल्यापासून! फ्ल्युइड रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, रंग जातो.

फ्ल्युइड हवेतला ओलावा शोषते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. डॉट 4 फ्ल्युइड ताजे असता 230 अंशांच्या आत उकळता कामा नये असे प्रमाण आहे, ओलावा शिरलेल्याला तेच 155 अंश. लांब उतारावर ब्रेक तापतात, जुने फ्ल्युइड उकळते, वाफ होते आणि पाइप धड असूनही लिव्हर पोकळ लागते. म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे, आणि उघडी राहिलेली बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. आपल्या घरात काही टाकवत नाही, पण हे टाकावे.

उपासकांनी दुसऱ्या दिवशी गाडी आधी विहाराच्या अंगणात चालण्याच्या वेगाने फिरवली, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहिला, सांधे कोरड्या कागदाने पुसून ओल तपासली. आठवडाभर एकटेच कामावर गेले. ताई मागे बसल्या त्या रविवारच्या वंदनेला, आणि बसण्याआधी हँडल दोन्हीकडे फिरवून पाइप त्यांनी स्वतः पाहिला.