घंटा वाजली, पण अनुमान काय?



क्लोराइड ओळखण्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. दिलेल्या क्षाराचे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे आणि दह्यासारखा पांढरा अवक्षेप दिसला की वहीत लिहायचे, 'क्लोराइड आहे.' आता एकदा असे करून पाहा. नळीत कोणताही क्षार घेऊ नका. नुसते विहिरीचे किंवा नळाचे पाणी घ्या आणि तेच थेंब टाका. पाणी पांढुरके होईल. सिल्व्हर नायट्रेट खोटे बोलले का? मुळीच नाही. पाण्यात थोडे क्लोराइड होतेच, आणि त्याने ते इमानाने दाखवले. पण ज्या विद्यार्थ्याने आपली नळी नळाच्या पाण्याने विसळली आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुतली नाही, त्याला दिलेल्या प्रत्येक क्षारात क्लोराइड 'सापडते'. त्याचे निरीक्षण बरोबर असते, अनुमान मात्र चुकते.

प्रयोगवहीत ही चूक झाली तर एखादा गुण जातो. हीच चूक विमानतळावर झाली तर एका निरपराध माणसाची अब्रू जाऊ शकते. म्हणून आज मी तुम्हांला एका यंत्राविषयी सांगणार आहे, आणि त्याबद्दलचे माझे एक मतही मांडणार आहे.

आयनांची शर्यत

विमानतळावर कधी कधी सुरक्षा कर्मचारी प्रवाशाच्या हातावरून किंवा बॅगेवरून कापडाची एक छोटी पट्टी फिरवतो, ती यंत्राच्या खाचेत घालतो, आणि काही सेकंदांत यंत्र सांगते की स्फोटकाचा अंश आहे की नाही. अशा अनेक यंत्रांचे तत्त्व 'आयन-गतिशीलता' हे असते.

पट्टी कशासाठी? नुसती हवा हुंगून भागत नाही का? त्याचे उत्तर बाष्पदाबात आहे. टीएनटी हे स्फोटक नेहमीच्या तापमानाला इतके थोडे बाष्प देते, की त्याच्या लगतच्या हवेतील एक अब्ज रेणूंमागे त्याचे जेमतेम पाच-दहा रेणू असतात. आरडीएक्सचे बाष्प तर त्याहूनही सुमारे हजारपट विरळ! मात्र हे पदार्थ चिकट असतात. ते हाताळणाऱ्याच्या बोटांवर, कपड्यांवर, पिशवीच्या बंदावर त्यांचे कण बसतात आणि सहज जात नाहीत. म्हणून हवेऐवजी हे कण टिपायचे.

यंत्राला साधारण एक नॅनोग्रॅम एवढा अंश पुरतो. आपल्या भंडारा जिल्ह्यात धान पिकते, म्हणून धानाच्या भाषेत सांगतो. तांदळाचा एक दाणा सुमारे वीस मिलिग्रॅमचा धरला, तर त्याचे दोन कोटी भाग केल्यावर एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. पण रेणूंची गणती केली तर एक नॅनोग्रॅम टीएनटीमध्ये अडीच लाख कोटींहून अधिक रेणू असतात. डोळ्यांना जे शून्य, ते यंत्राला पुष्कळ आहे.

यंत्रात पट्टी तापवली जाते आणि कणांचे बाष्प होते. मग त्या बाष्पाच्या रेणूंना विद्युतभार दिला जातो, म्हणजे त्यांचे आयन केले जातात. यासाठी पूर्वापार निकेल-६३ हे किरणोत्सारी मूलद्रव्य वापरीत आले आहेत. त्याचे अर्धायुष्य सुमारे शंभर वर्षांचे आहे आणि त्यातून निघणारे बीटा कण क्षीण असतात. आता किरणोत्सारी द्रव्य टाळून विद्युत-विसर्गाने आयन करणारी यंत्रेही निघाली आहेत.

हे आयन एका नळीच्या दाराशी थोपवून धरतात. दार क्षणभर उघडते आणि शर्यत सुरू होते. नळीत विद्युतक्षेत्र असते, ते आयनांना पुढे ओढते. नळीत हवाही असते, तिचे रेणू आयनांना पावलोपावली धडकून अडवतात. खळ्यावर धान उपणताना तुम्ही पाहिले असेल. वारा एकच, पण दाणा जवळ पडतो आणि फोल लांब जाते. इथेही विद्युतक्षेत्र सर्वांना सारखेच असते, पण आटोपशीर आयन गर्दीतून वाट काढत लवकर पोहोचतो आणि पसरट, थोराड आयन मागे पडतो. कोण किती वेळात आला, यावरून तो कोण हे ठरवायचे.

थोडे गणित करू. आयनाचा वेग म्हणजे त्याची गतिशीलता गुणिले विद्युतक्षेत्र. क्षेत्र दर सेंटिमीटरला २०० व्होल्ट आणि गतिशीलता २ (वर्ग सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद) धरली, तर वेग सेकंदाला ४०० सेंटिमीटर, म्हणजे ४ मीटर येतो. धावणाऱ्या मुलाचा साधारण एवढाच वेग असतो. नळी ८ सेंटिमीटर लांब असेल तर शर्यत एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. यंत्र अशा अनेक शर्यती लावून त्यांची सरासरी घेते, तरी आपल्याला उत्तर लगेच मिळाल्यासारखे वाटते.

या कल्पनेचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १८९५ मध्ये रंटगेनने क्ष-किरण शोधले. ते हवेतून गेले की हवा विद्युतवाहक होते, असे दिसून आले. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तरुण रदरफर्डने १८९७ मध्ये अशा आयनांचे वेग मोजले. जॉन झेलेनीने १८९८ मध्ये दाखवून दिले, की हवेतील ऋण आयन धन आयनांपेक्षा काहीसे जलद धावतात. त्या वेळी यातून विमानतळाचे रक्षण होईल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, विमानच नव्हते! १९७० मध्ये कोहेन आणि करासेक यांनी या मोजमापाचा उपयोग पदार्थांचे अंश ओळखण्यासाठी करून दाखवला. १९८० च्या दशकात ब्रिटिश सैन्याकडे विषारी वायू ओळखणारे हातात धरण्याजोगे यंत्र आले. ज्ञानासाठी केलेला प्रयोग पाऊण शतकाने असा कामी आला.

यंत्र कुठे चुकू शकते?

सगळे एवढे सुरळीत असते तर हा लेख येथेच संपला असता. पण आकडे बारकाईने पाहा. प्रमाण तापमान व दाबाला आणून मोजलेली टीएनटीच्या आयनाची गतिशीलता सुमारे १.४५ आहे. आरडीएक्सचा रेणू क्लोराइड आयनाला चिकटवून त्याचा आयन करतात, त्याची गतिशीलता सुमारे १.३९ आहे. म्हणजे या दोन पदार्थांत फरक अवघा चार टक्के.

आता हवेकडे वळू. हवा विरळ झाली की आयनाला अडथळा कमी होतो आणि तो लवकर पोहोचतो. आपल्याकडे थंडीतल्या पहाटे तापमान १२ अंश असते आणि मे महिन्याच्या दुपारी ४६ अंश होते. केल्व्हिनमध्ये हे २८५ आणि ३१९ होतात. म्हणजे हवेच्या घनतेत सुमारे बारा टक्क्यांचा फरक! नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे, त्यामुळे तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा साडेतीन टक्क्यांनी कमी असतो. ज्या दोन पदार्थांत चार टक्क्यांचाच फरक आहे, त्यांची गल्लत व्हायला एवढे पुरेसे आहे. पावसाळ्यात तर हवेतील पाण्याचे रेणू आयनाभोवती घोळका करून त्याला जड करतात.

म्हणून यंत्राची नळी ठराविक तापमानाला तापवून ठेवतात, हवेचा दाब मोजून वेगात दुरुस्ती करतात, आत सोडायची हवा कोरडी करून घेतात आणि माहीत असलेला पदार्थ देऊन यंत्र पुन्हा पुन्हा पारखतात. ही पारख नीट झाली नाही, तर यंत्राच्या घंटेवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय काही निरुपद्रवी पदार्थांचे आयनही नेमक्या त्याच वेळी पोहोचू शकतात.

घंटा खरी, आळ खोटा

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. यंत्र अगदी बिनचूक असले, तरीही माणसावर अन्याय होऊ शकतो.

भंडारा शहराजवळ जवाहरनगर येथे आयुध निर्माणी आहे. तेथे प्रणोदके आणि स्फोटके तयार होतात. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि खाणकामात सुरुंग लावावे लागतात. समजा, अशा ठिकाणी काम करणारा एक माणूस मुलीला भेटायला नागपूरहून विमानाने निघाला. त्याच्या पिशवीवर पट्टी फिरली आणि घंटा वाजली. यंत्र चुकले का? नाही, अंश खरोखरच होता. छातीत कळ येणारे रुग्ण जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवतात. त्यांच्या बोटांवरही एका स्फोटकाचा खराखुरा अंश असू शकतो. पदार्थ आहे, पण गुन्हा नाही!

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला आणि आठ जणांचा मृत्यू झाला. देशासाठी दारूगोळा बनवताना जे हात रोज धोका पत्करतात, त्याच हातांवर यंत्राची घंटा वाजण्याचा संभव अधिक आहे. त्या हातांकडे आपण कोणत्या नजरेने पाहायचे, हा प्रश्न निदान आपल्या जिल्ह्यातल्या माणसांना परका नाही.

आता संभाव्यतेचे गणित मांडू. आकडे माझे, समजण्यासाठी घेतलेले आहेत. दहा लाख प्रवाशांत खरोखर घातपात करणारा एक आहे, आणि यंत्र शंभर निरपराध माणसांपैकी फक्त एकावर वाजते. ऐकायला हे यंत्र उत्तम वाटते. पण दहा लाखांवर ते सुमारे दहा हजार वेळा विनाकारण वाजेल आणि एकदा सकारण. म्हणजे घंटा वाजलेला माणूस निरपराध असण्याचीच शक्यता फार मोठी! निराळ्या तत्त्वावरची, तेवढीच चांगली आणि पहिलीच्या चुकांशी संबंध नसलेली दुसरी चाचणी घेतली, तर दहा हजारांचे शंभर उरतात. तीच पट्टी त्याच यंत्रात पुन्हा घालून मात्र हा लाभ होत नाही, कारण पहिल्या वेळी ज्या कारणाने घंटा वाजली तेच कारण दुसऱ्या वेळीही हजर असते.

अशा निराळ्या तत्त्वांची साधने आपल्या महाराष्ट्रातच तयार झाली आहेत. पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने थेंब टाकताच रंग बदलून स्फोटक ओळखणारी पेटी तयार केली. मुंबईच्या आयआयटीत रुजलेल्या नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज या कंपनीने सूक्ष्म संवेदकावर चालणारा 'नॅनोस्निफर' एप्रिल २०२१ मध्ये पुढे आणला. तो दहा सेकंदांच्या आत नॅनोग्रॅमएवढा अंश ओळखतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हा शहाणपणा आहे. पण पदार्थ हातावर का आला, हे यांपैकी कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते पिशवी उघडून, कागदपत्रे पाहून, माणसाला विचारूनच कळते.

मग यंत्रेच नकोत, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून लंडनमार्गे भारताकडे येणारे एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळले आणि ३२९ माणसे गेली. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधील लॉकर्बी येथे २७० जण बळी पडले. निसटलेल्या एका बॉम्बची किंमत एवढी मोठी असते, की हजारो वेळा विनाकारण वाजलेली घंटा आपण सोसलीच पाहिजे. पण ती कोणी सोसायची? ज्याच्यावर वाजली त्या एकट्याने नव्हे. घंटेनंतर त्या माणसाशी सभ्यपणे बोलणे, दुसरी चाचणी लवकर करणे, कारण नीट विचारणे आणि निरपराध ठरल्यास तसे स्पष्ट सांगून सोडणे, ही यंत्र लावणाऱ्यांची जबाबदारी आहे. यंत्राच्या खरेदीबरोबरच तपासनिसाच्या शिक्षणावरही खर्च व्हायला हवा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

याची सुरुवात शाळेत व्हावी. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे, की क्षार ओळखण्याच्या प्रत्येक प्रयोगाआधी मुलांकडून एक कोरी चाचणी करून घ्यावी, म्हणजे क्षाराशिवाय, फक्त पाण्यावर. खर्च दोन थेंबांचा. आणि 'क्लोराइड आहे' एवढ्यावर न थांबता, 'ते कोठून आले असेल?' हेही विचारावे.

मित्रहो, तुमच्या प्रयोगवहीत तीन रकाने असतात. कृती, निरीक्षण आणि अनुमान. यंत्राची घंटा दुसऱ्या रकान्यात लिहायची असते. तिसरा रकाना भरायला अजून काम शिल्लक असते, आणि ते होईपर्यंत तो कोरा ठेवण्यात कमीपणा नाही.