लाल बावटा परळमधून गेला, तलासरीत राहिला

या सदरात संपाविषयी किंवा कामगार कायद्यांविषयी लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो: कामगारवर्गाच्या जोरावर डावं राजकारण उभं राहील, ही आशा आता सोडून का देत नाही? गिरण्या गेल्या, गिरणी कामगार गेला, त्याच्या मागोमाग लाल बावटाही गेला, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं असतं. मला ते पटत नाही. त्यातला घटनाक्रमच उलटा आहे.

जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत पक्षाने त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं. निवडून आले शिवसेनेचे वामनराव महाडिक. सेनेचे ते पहिले आमदार. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरण्यांतला अखेरचा मोठा संप सुरू व्हायला तेव्हा अजून अकराहून अधिक वर्षं होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तिन्ही पाळ्या भरत होत्या, चाळी माणसांनी ओसंडत होत्या. कामगार लाखांच्या संख्येने हजर होता आणि तरीही गिरणगावाच्या काळजात डावे हरले.

कामगार असला म्हणजे तो आपसूक डावा होतो, ही समजूत इथेच संपायला हवी होती. पगारवाढीसाठी लाल बावट्याखाली उभा राहणारा माणूस मत देताना आपली जात, आपली भाषा, आपलं गाव आणि अडीअडचणीला धावून येणारा शेजारी हे सगळं बरोबर घेऊन जातो. यात त्याची फसगत झाली असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे. पक्ष त्याच्या आयुष्याच्या किती भागात पोहोचला होता, हे आधी पाहावं.

एके काळी पुष्कळ पोहोचला होता. १९२८ चा संप सहा महिने चालला, गिरणी कामगार युनियन त्यातूनच मोठी झाली. इतका काळ पगाराविना तग धरायचा तर चाळ, वाणी, खानावळवाली आणि कोकणातलं किंवा घाटावरचं घर, सगळ्यांनीच संप आपला मानावा लागतो. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या शाहिरीने चाळीचाळींतून माणसं उठवली. तेव्हा युनियन आणि वस्ती वेगळ्या काढता येत नव्हत्या.

पण एक भेग पहिल्यापासून होती, ती जातीची. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, घेत नसत. तिथे पगार जास्त होता, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यात सवर्ण विणकरांना विटाळ दिसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपातच हा प्रश्न नेत्यांपुढे मांडला. नेत्यांनी तो कधी मनापासून लढवला नाही. दुसऱ्या वर्षीच्या संपाला बाबासाहेबांनी उघड विरोध केला, आणि त्यांना दोष देणाऱ्यांनी साचेखात्याचा दरवाजा कोणी बंद ठेवला होता हे आधी सांगावं. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, एक दिवसाचा मोठा संप झाला. ती एकजूट टिकवता आली असती तर या राज्याचं राजकारण वेगळं घडलं असतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नंतर कायद्याने कोंडी केली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. कामगार ज्यांच्यामागे होते त्यांना बोलणी करता येईना. डावे बोनस, महागाई भत्ता आणि कोर्टकचेरीत अडकत गेले. संध्याकाळी चाळीत नळाचं पाणी, इस्पितळातली खाट, पोराची नोकरी यासाठी माणूस जायचा तो सेनेच्या शाखेत.

आता पालघर जिल्ह्यातली तलासरी पाहा. तिथे गिरणी नव्हती. होते ते जमीनदार, सावकार, जंगलाचे ठेकेदार आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे वारली आदिवासी. १९४५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी त्यांना किसान सभेत संघटित केलं ते वेठीविरुद्ध. मजुरीची मागणी होतीच, पण मालकासमोर मान वर करून उभं राहण्याची मागणी तिच्याइतकीच मोठी होती. किसान सभेने पुढे जमीन, जंगल, रेशन, शाळा यातलं काही सोडलं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सभेच्या मोर्चातून नाशिकहून मुंबईला चालत आलेल्यांत वनहक्काचे पट्टे मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. तलासरी ज्यात येते त्या डहाणू मतदारसंघातून २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. परळला जे राखता आलं नाही ते तलासरी-डहाणूने राखलं.

आज महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मिळून दोन लाखांच्या घरात आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप पन्नास दिवसांवर चालला. सरकार त्यांना कर्मचारी मानत नाही, मानधनावर राबवतं. त्यांच्या अनेक संघटना डाव्यांच्याच आहेत. सेविकेची कामाची जागा म्हणजेच वस्ती. कोणत्या घरात कुपोषित मूल आहे, कोणाचं रेशन कार्ड अडलंय, कोण दारुड्या नवऱ्याचा मार खाते, हे तिला ठाऊक असतं. गिरणी कामगाराकडेही इतकी खोल ओळख नव्हती. ही ताकद सरकारने बरोबर हेरली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घ्यायला अंगणवाडी सेविकांनाच जुंपलं, अर्जामागे ५० रुपये देऊ केले, आणि विधानसभेचा निकाल सगळ्यांनी पाहिला. ज्या बाईला डाव्यांनी आझाद मैदानावर आणलं होतं, तिच्याच पायांनी सरकार घराघरात गेलं.

तेव्हा कामगारवर्ग डावा बदल घडवू शकतो का? शकतो. संपात बरोबर असलेला पक्ष एरवीही कामगाराच्या वस्तीत दिसला तर. सेविका, आशा, कंत्राटी सफाई कामगार, घरोघर पार्सल पोहोचवणारी पोरं यांच्या संघटना चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुढचं मागणीपत्र लिहाल तेव्हा मानधनाच्या आकड्याखाली त्यांच्या वस्तीचं पाणी, तिथलं रेशन आणि सफाईचं काम एकाच जातीच्या माथी का, हा प्रश्नही लिहा. आणि संप मिटल्यावरही त्या वस्तीत जात राहा.